काकीनं इंजिन विकलं नाही

आमची काकी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून, दोन्ही पाय रोवून इंजिनाचं हँडल फिरवायची, तेव्हा बाजाराला आलेली माणसं पिशव्या खाली ठेवून बघत राहायची. बाईमाणसानं इंजिन सुरू करायचं, हे आमच्या वाशी गावानं तोवर पाहिलं नव्हतं. कुणी फारच टक लावून बघायला लागला, की काकी घाम पुसत म्हणायची, "बघून झालं असंल तर रांगंत उभं राहा. ज्वारी का गहू?"

काका निजामाच्या वेळी तहसिलीत कारकून होते. सगळं काम उर्दूत. संस्थान विलीन झालं, दफ्तर बदललं, आणि पन्नाशीला आलेल्या काकांचं मन त्या कामातून उडालं. त्यांनी नोकरी सोडली, गावातल्या अडत दुकानदार शेटजींकडून कर्ज काढलं आणि तेलावर चालणारं इंजिन आणून पिठाची गिरणी घातली. गिरणी जेमतेम सुरू झाली आणि काका विषमज्वरानं गेले. मागं राहिली काकी, गिरणी आणि कर्ज. मूलबाळ नव्हतं. मी तिची पुतणी. आमच्या खेड्यात चौथीपुढं शाळा नव्हती, म्हणून तिच्याकडं शिकायला होते.

माझे वडील, म्हणजे अण्णा, तिचे धाकटे दीर. काकांचे दिवस उरकल्यावर ते म्हणाले, "वहिनी, गिरणी शेटजींना देऊन टाका, कर्ज फिटंल. तुम्ही आमच्याकडं चला. दोन घास आम्हाला जड न्हाईत."

"दोन घास मला बी जड न्हाईत, भावोजी," काकी म्हणाली, "पण ते माझ्या चुलीवरचे पाहिजेत."

दुसऱ्या दिवसापासून घरातला चहा बंद झाला. मग गूळ. मग भाजीतलं तेल, अंगाचा साबण, माझ्या वेणीची रिबीन. दिवा लावायला नको म्हणून आम्ही उजेड आहे तोवर जेवून घ्यायचो. सकाळी गायी सुटायच्या आत काकी गिरणीत जायची आणि शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर दगड झाडूनच घरी यायची. झिजलेल्या दगडाला टाकी लावून पुन्हा खाचा पाडायच्या असल्या की इंजिन बंद ठेवून छिन्नी-हातोडी घेऊन बसायची. मिस्त्रीचाचा म्हणून एक म्हातारे यंत्रकामगार गावात होते. त्यांनी तिला हे सगळं शिकवलं. तिनं ते एकदाच विचारलं आणि पुन्हा त्यांना त्या कामासाठी बोलावलं नाही.

गिरणीत जमिनीवर सांडलेलं पीठ मालकाचं, असा रिवाज होता. इतर मालक ते जनावरांना घालत. काकी ते चाळून घरी आणायची. त्यात ज्वारी असायची, गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, सगळं गाव असायचं. भाकरी कधी चिवट व्हायची, कधी विरघळायची. भाकरी मोडत ती म्हणायची, "आज डाळ लई दिसती. कुणाकडं तरी पाहुणे आलेत बघ."

मला त्याचं हसू यायचं नाही. दिवाळीत गावभरची भाजणी आमच्याकडं दळली गेली आणि आमच्या ताटात तीच भाकरी आली, तेव्हा मी ताट सरकवलं. म्हटलं, "अण्णा म्हणतात तसं देऊन टाक ना गिरणी. निदान गूळ तरी मिळेल."

काकी रागावली नाही. "मिळंल की," ती म्हणाली. "पण मग दर वेळी मागून घ्यावा लागंल. तुला मागायला आवडतं का?" तिनं ताट पुन्हा माझ्यापुढं सरकवलं आणि स्वतः जेवायला लागली. मी जेवले, पण रडत जेवले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात हँडल उलटं फिरलं आणि काकीचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या. चार दिवसांत शेटजी गिरणीत हजर. हातात मोसंब्यांची पिशवी आणि सोबत, मान खाली घातलेले आमचे अण्णा. गिरणीत गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत शेटजी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, देवानंच थांब म्हटलंय. किती ओढाल? इंजिन माझ्याकडं राहू द्या, बाकी सोडून दिली समजा. बायकांनी..."

काकी मिस्त्रीचाचांकडं वळली. हात मोडल्यापासून ते मदतीला येत होते. "चाचा, चालू करा."

"अभी? शेटजी बोल रहे हैं," चाचा म्हणाले.

"म्हणून तर."

चाचांनी हँडल मारलं. इंजिन धडधडलं, मी पट्टा चढवला, दगड गरगरू लागले. शेटजींचे ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हता. काकी डावा हात कानाशी नेऊन ओरडली, "काय म्हणता? ऐकू येईना!" शेटजी पुढं सरकून पुन्हा बोलले. काकी पुन्हा तेच ओरडली. त्यांच्या काळ्या टोपीवर पीठ बसत चाललं. रांगेतली एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसली, मग सगळी रांगच हसली. शेटजी गेले. अण्णा मात्र गेले नाहीत. त्यांनी गिऱ्हाइकाचं पोतं उचलून जात्याशी आणून दिलं. संध्याकाळपर्यंत ते पोती उचलत राहिले.

पुढं काही वर्षं असंच चाललं. हात वाकडाच जुळला, त्याच हातानं तिनं कर्ज फेडलं. शेवटचा हप्ता द्यायला ती मुद्दाम बाजारच्या दिवशी, भरल्या दुकानात गेली. शेटजींनी कागद काढून दिला आणि पोराला चहा सांगितला. काकी म्हणाली, "नको. आजपासून आमच्या घरी व्हतो चहा."

दुसऱ्या दिवशी गिरणी उघडलीच नाही. लोक डबे, पायल्या घेऊन दाराशी जमले, कडी वाजवू लागले. काकी अंथरुणातूनच ओरडली, "आज पीठ न्हाय!"

"का? बिघडलं का काय?"

"काय बी बिघडलं न्हाय. मी झोपलीय." आणि खरोखरच ती कूस बदलून दुपारपर्यंत झोपली.

मला पाहायला पहिलं स्थळ आलं ते बार्शीकडचं, सधन. त्यांनी विचारलं, मुलीची काकी काय करतात? अण्णा चटकन म्हणाले, "घरीच असतात." काकी आतून बाहेर आली. "घरी कशी? गिरणी हाय माझी. पोरीला बी पट्टा चढवता येतो." मुलाच्या आईनं हातातली बशी खाली ठेवली. ते लोक गेले आणि पुन्हा आले नाहीत. अण्णा चिडले, "वहिनी, जमत आलेलं मोडलंत!"

"मोडू द्या. खोटं सांगून पाठवली, तर तिकडं जन्मभर तिलाच ते सांभाळत बसावं लागंल."

दुसरं स्थळ जळकोटच्या एका शिक्षकाचं. या वेळी कुणी विचारायच्या आतच अण्णांनी घसा खाकरला. "पोरगी आमच्या वहिनींच्या गिरणीत वाढलीय," ते म्हणाले.

आतून काकी म्हणाली, "वाढली न्हाय, राबली म्हणा."

मुलाची आई आधी दचकली आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या हसण्यावर माझं लग्न ठरलं.