गोकुळदासांची लांबलेली गाऱ्हाणी

गोव्यातल्या लाटंबार्श्यात गाऱ्हाणं घालण्याचा मान गोकुळदासांच्या घराण्याकडे. सातेरीदेवीसमोर उभं राहून गावाचं मागणं मोठ्यानं सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं, अशी रीत. वडील गेले तेव्हा गोकुळदास तेविशीत होते. त्याला आता चाळीस वर्षं झाली. मधल्या काळात त्यांनी खाणीवर ट्रक चालवला, खाण बंद पडल्यावर काजूची बाग सांभाळली.

माणूस सालस, पण डोकं अडीच वर्षांच्या मुलाचं. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला की हे अंगणात धावत येणार, जणू तो कालच्यासारखा आजही येईल हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. कोंड्याचा तो गरम पाव, पोय, फोडून आतून वाफ निघाली की बायकोला बघायला बोलावणार. सुमंगलावहिनी छत्तीस वर्षं ती वाफ बघताहेत.

हे घरापुरतं राहिलं असतं तर माझी काही हरकत नव्हती. पण ते गाऱ्हाण्यात शिरलं. मागणं राहिलं बाजूला, नुसते आभार. स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली, व्हय महाराजा. गेलेली वीज आली, व्हय महाराजा. कोंबडी रस्ता ओलांडून सुखरूप पलीकडे गेली, मग परत आली, मग काही तरी आठवून पुन्हा गेली. पायाची नखं कोणी न सांगता वाढतात, तीही सगळी एकाच दिशेला. भर उन्हात दोनशे माणसं नखांना ‘व्हय महाराजा’ म्हणत उभी. वत्सलाकाकी तर एकदा उभ्या उभ्या झोपल्या आणि झोपेतही अचूक जागी होकार देत राहिल्या.

गेल्या जत्रेला माझ्या मुलीच्या, सुविधाच्या नोकरीचं मागणं होतं. त्याची पाळी येईपर्यंत नैवेद्याची वेळ झाली आणि गाभाऱ्याचं दार लागलं. मी देवस्थान समितीचा चिटणीस. माझं टाळकं फिरलं. गोकुळदासांना थांबवून मान त्यांच्या चुलतभावाला, गुरुदासला द्यावा, असा ठराव मी मांडला आणि तो मंजूरही झाला.

पण देवीला विचारल्याशिवाय मान काढता येत नाही. त्यासाठी कौल लावायचा. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आता कौलाआधी गाऱ्हाणं हवं आणि गाऱ्हाणं घालणारा गावात एकच. म्हणजे मला काढून टाक, हे गोकुळदासांनीच देवीला सांगायचं.

मी त्यांच्या घरी गेलो. वाटलं, भांडतील. ते लगेच कबूल झाले. अडचण एकच म्हणाले, मागायची सवय नाही, आणि मनापासून मागितलं नाही तर पाकळी हलत नाही. दोन दिवस त्यांनी काजूच्या झाडांपुढे उभं राहून सराव केला. मी पुन्हा गेलो तेव्हा वहिनींनी मला दारातच गाठलं. खाण बंद पडली तेव्हाही हा माणूस रडला नव्हता, आता सराव करताना डोळे पुसतो, असं सांगितलं आणि चहा न विचारताच आत गेल्या.

सोमवारी सगळा गाव जमला. भटजींनी पाकळ्या लावल्या. गोकुळदासांनी हात जोडले आणि एका दमात सांगितलं, की माझ्यामुळे गावाचं मागणं खोळंबतं, तेव्हा माझं तोंड बंद कर. आम्ही ‘व्हय महाराजा’ म्हटलं. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत आखूड गाऱ्हाणं.

एरवी कौलाला तास तास लागतो. उजवी पाकळी तिथल्या तिथे पडली.

मी जिंकलो होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. गोकुळदास त्या पाकळीकडे डोळे एवढाले करून बघत राहिले. मग त्यांचा चेहरा फुलला आणि त्यांनी पुन्हा हात जोडले.

“गे माये, चाळीस वर्सां तुझ्याकडे माका कायच मागूचा लागला नाय. आज पयल्यांदाच मागलंय, आणि तू इतक्या बेगीन दिलंस.”

रीतीप्रमाणे आता आम्ही होकार द्यायचा होता. दोनशे माणसांत एकाच्याही गळ्यातून आवाज फुटेना. गोकुळदास आमच्याकडे वळले आणि देवीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, “म्हणा की रे. तिका वायट वाटात.”