तिला टेन्शन द्यायचं नाही

माझी सासू वारली ती घट बसायच्या दोन दिवस आधी. माझ्या बायकोला, म्हणजे तिच्या सख्ख्या लेकीला, मी ते संक्रांत उलटेपर्यंत कळू दिलं नाही. ती आजारी होती, तिच्या भल्यासाठी लपवलं, असं मी पुष्कळ दिवस लोकांना सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे.

बायकोच्या छातीत गाठ निघाली ती उन्हाळ्यात. ऑपरेशन झालं आणि मग पावसाळ्यापासून केमो सुरू झाली. रिपोर्ट हातात आला त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर माझा मावसभाऊ शेजारी बसला होता. तो सहज म्हणाला, "हे सगळं टेन्शननं होतं बघ. वहिनींनी फार सोसलंय." त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण माझ्या मनात ते वाक्य रुतून बसलं.

कारण सोसायला लावणारा मीच होतो. खोपोलीतली माझी कंपनी बंद पडली, तेव्हा वर्षभर मी घरी बसून होतो. शिळफाट्याच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळ-संध्याकाळ माझाच आवाज. आमटी खारट झाली म्हणून भरलेलं ताट मी भिंतीवर मारलं आहे. माझे वडील अंथरुणाला खिळलेले होते. त्यांचं हागणं-मुतणं ती काढायची, आणि त्यांच्यादेखत मी तिला नाही नाही ते बोलायचो. पुढे मला दुसरीकडे काम लागलं, वडील गेले, घर शांत झालं. आणि मग ही गाठ. मी मनाशी ठरवूनच टाकलं की ती मी दिली.

या समजुतीत एक सोयही होती, ती मला आता दिसते. रोग मी दिला असेल, तर तो वाढू न देणंही माझ्याच हातात होतं. त्या दिवसापासून घरात एकच नियम लागू झाला. तिला टेन्शन द्यायचं नाही. मालिका बंद, बातम्या बंद, कुणाच्या दुखण्याच्या गोष्टी बंद. भेटायला येणाऱ्याला मी जिन्यातच गाठून काय बोलायचं, काय नाही, ते सांगायचो.

आम्हाला मूलबाळ नाही. तिचं हक्काचं माणूस म्हणजे माहेरची, कोंडाणे गावातली आई. मेव्हणा शेतावरून घरी आला की त्याच्या फोनवरून दोघी बोलायच्या. "खाल्लंस का गं?" आणि "तुजे गुडघे कसे हायेत?" यापलीकडे त्या बोलण्यात काही नसे. पण तेवढं झाल्याशिवाय बायको जेवायला बसत नसे.

मेव्हण्याचा फोन सकाळी आला. बायको न्हाणीत होती.

"दाजी, आई गेली. चुलीपाशी बसली होती, तशीच कलंडली. ताईला घेऊन या. तवर ठेवतो."

केमो होऊन तीन-चार दिवस झाले होते. मी गॅलरीत गेलो आणि दार ओढून घेतलं. "तिला सांगायचं नाय. ऐकून हबकली तर आजार उलटंल."

"दाजी, आई हाय ती तिची. तोंडात पाणी तरी घालू द्या."

"मी सांगतो ते ऐक."

आमच्यात जावयाचा शब्द मोडत नाहीत. जावई पंगतीला बसला की घरातला कर्ता माणूस उभा राहून वाढतो, आणि जावयानं हात धुतल्यावर मग स्वतः बसतो. तो मान मी लग्नापासून घेत आलो होतो. त्या सकाळी तो मी वापरला. मेव्हणा "बरं" म्हणाला.

डॉक्टरांना एक फोन करून विचारावं, मास्क लावून, गर्दीबाहेर ठेवून हिला तासभर नेऊ का, हे माझ्या मनातही आलं नाही. खरं सांगायचं तर त्या 'हो' म्हणाल्या असत्या तर पंचाईत माझी झाली असती. मग तिला सांगायचं काम माझ्यावर आलं असतं.

"कंपनीत मोठे साहेब येणारेत" असं सांगून मी एकटाच कोंडाण्याला गेलो. खांदा दिला. नदीवर अंघोळ केली आणि संध्याकाळी घरी येऊन तिच्या हातचा चहा घेतला.

दोन दिवसांनी घट. लग्न झालेल्या लेकीला आईबापाचं तीन दिवसांचं सुतक असतं, आणि सुतकात घट बसवत नाहीत. पण न बसवावा तर तिनं कारण विचारलं असतं. म्हणून मीच माती आणली, परडीत धान्य पेरलं आणि तिला हाताला धरून पाटावर बसवलं. केस गेलेल्या डोक्यावरून पदर घेऊन तिनं दिवा लावला. हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "माज्या आयेचे गुडघे तेवढे बरे कर."

मी मागे उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

कुणाच्या तोंडून निसटू नये म्हणून मी गल्लीत सगळ्यांना 'सासू गेल्याचं हिच्यापुढे काढू नका' असं सांगून ठेवलं होतं. त्यामुळे झालं असं की येणारा प्रत्येक जण दाराशीच तोंड पाडून उभा राहायचा. समोरची काकी एकदा वाटीभर खीर घेऊन आली, बायकोकडे बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"काय गं काकी," बायको म्हणाली, "मी काय आताच चालली का? बस की, खीर तरी खाऊन जाते."

काकी वाटी ठेवून पळालीच. कोणी फुटलं नाही, याचंच मला समाधान.

रोजच्या फोनला मेव्हणा माझ्या सांगण्याप्रमाणे उत्तरं द्यायचा. आई शेतावर गेलीय. आई झोपली. आईचा घसा बसलाय. कोंडाण्याला जायचं म्हणाली की मी म्हणायचो, केमो संपू दे. "आयेला माज्याशी बोलवत नसंल," म्हणाली आणि पुढे पुढे तिनं फोन करणंच सोडलं. दिवाळीला तिची आई दर वर्षी कडव्या वालांची पिशवी पाठवायची. त्या वर्षी मी खोपोलीच्या बाजारातून वाल आणले आणि आईकडचे म्हणून दिले. तिनं पिशवीत हात घातला, बाहेर काढून बोटांकडे पाहिलं. तिची आई कीड लागू नये म्हणून वालांना राख चोळून ठेवायची, हात काढला की बोटं करडी व्हायची. या वेळी बोटं स्वच्छ होती. "चांगले हायेत," एवढंच ती म्हणाली.

ती गप्प होत गेली. टेन्शन नाही म्हणून शांत झाली, असं मी धरून चाललो. एका दुपारी ती ट्रंक उघडून साड्यांचे ढीग लावत बसली होती.

"ही काकीला बरी दिसंल. ही भावजयीला."

"कशाला काढल्यास?"

"जागा करते."

संक्रांतीनंतर तपासणीला गेलो. केमो संपली होती. डॉक्टर बाईंनी रिपोर्ट बघितले, ठीक आहे म्हणाल्या, पुढच्या गोळ्या लिहू लागल्या. तेवढ्यात बायको म्हणाली, "म्याडम, आता खरं सांगा. माजे किती दिवस राहिलेत?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाय सांगत. म्हणून तर विचारते."

डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पुन्हा काढून तिला एकेक समजावून सांगितले. मला राहवलं नाही. मी विचारलं, "पण हे टेन्शननंच झालंय ना? घरात त्रास होता तिला."

त्या म्हणाल्या, "ताणामुळे थेट कॅन्सर होतो, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. ताणात माणसाची झोप जाते, कोणी दारू-तंबाखू धरतं, कोणी दुखणं अंगावर काढतं. त्यातून नुकसान होतं. पण अमक्याच्या बोलण्यानं अमकीला गाठ झाली, असं कोणालाच सांगता येणार नाही." मग त्यांनी तिला विचारलं, "गाठ हाताला पहिल्यांदा कधी लागली होती?"

"मामंजी अंथरुणात होते तवाच," ती खाली बघत म्हणाली. "घरात आधीच आवाज. त्यात माजं आणिक कुठं काढू?"

गाठ मी दिली नव्हती. पण ती दाखवायला झालेला उशीर माझ्यामुळे होता. इतके दिवस मी नसलेल्या अपराधाचं ओझं मिरवत होतो आणि खऱ्याकडे पाहिलं नव्हतं.

येताना खालापूरच्या अलीकडे भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर चहाला उतरला. गाडीत आम्ही दोघंच. मी म्हणालो, "आई गेली."

"कोणाची?"

"तुझी. घटाच्या आधी."

ती माझ्याकडे वळली. "म्हंजे ती सगळी रडत होती, ती आयेसाठी?"

"हो."

"म्हंजे मी नाय मरत?"

"नाही गं."

तिचा चेहरा सैल झाला. मी पाहिलं ते. महिनोन्महिने धरून ठेवलेलं काहीतरी सुटावं तसा तिनं श्वास सोडला. आणि पुढच्याच क्षणी दोन्ही हात तोंडावर दाबले. आई गेल्याचं ऐकून तिला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि ते तिला कळलं होतं.

"तुझ्या भल्यासाठीच..." मी सुरुवात केली.

"गाडी कोंडाण्याला घ्यायला सांगा," ती म्हणाली.

ती तिथेच राहिली. मी सुट्टीच्या दिवशी जायचो. ती पाण्याचा तांब्या आणून ठेवायची आणि आत जायची. मी मेव्हण्यासमोर, तिच्या भावजयीसमोर समजावत बसायचो. मावसभाऊ काय म्हणाला, केमोत अंगात ताकद कशी नसते, मी किती घाबरलो होतो. दर वेळी माफी मागायचो आणि दर वेळी त्या माफीला 'पण' जोडायचो. एकदा मेव्हणा म्हणाला, "दाजी, आता हितं तरी कोणी काय बोलायचं ते नका ठरवू." भावजय हसली. त्या दिवशी तो माझ्याबरोबरच पानावर बसला, वाढायला उभा राहिला नाही.

शिमग्याच्या सुमारास गेलो तेव्हा बायको अंगणात उन्हाला बसली होती. डोक्यावर बोटभर केस आले होते. मी पुन्हा म्हणालो, "तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"मला नाय," ती पहिल्यांदाच बोलली. आवाज चढलेला नव्हता. "मी रडली असती, ते तुमाला बघवलं नसतं. परत तुमाला वाटलं असतं, हिला मीच मारली. ते तुमी टाळलं. मी तर रडून मोकळी झाली असती."

ते तसंच होतं. मी उठून मेव्हण्याला बाहेर बोलावलं. तो खांबाला टेकून उभा राहिला. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. पायाला हात लावू लागलो तर तिनं पाय मागे घेतले. म्हणून हात जोडले आणि म्हणालो,

"तुझी आई होती. ती गेली हे तुला त्याच सकाळी सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. तुझ्या भावाला गप्प बसवलं. तुला तिचं तोंड बघू दिलं नाही, आणि सुतकात देवीपुढे बसवलं. आपण मरणार म्हणून तू एकटी भीत राहिलीस, ते मी ओळखलं नाही. त्याच्या आधी घरात असा वागलो की तुला स्वतःचं दुखणंही सांगता आलं नाही. हे सगळं मी माझ्या जिवासाठी केलं, तुझ्या नाही. माझं चुकलं. मला माफ कर."