सैनबाचं पान

काकांचा नातू लक्षद्वीपच्या सहलीहून नारळाचा गूळ घेऊन आला. पुडी उघडली, धुरकट गोड वास आला आणि माझं डोकंच फिरलं. चाळीस वर्षांपूर्वी हाच गूळ काकांनी हातातसुद्धा घेतला नव्हता.

तो सैनबानं आणला होता. ती तिकडच्या बेटावरची, कुंभकोणमच्या कॉलेजात माझ्या वर्गात. मी तिला घरी जेवायला बोलावलं. केळीच्या पानावर आई सांबारभात वाढत होती, तेवढ्यात काकांनी विचारलं, "तुम्हाला तलवारीनंच बाटवलं ना?"

"नाही मामा," आमच्याकडच्या रीतीनं काकांना मामा म्हणत ती शांतपणे तमिळमध्ये म्हणाली. "एक साधू गलबतातून आला, असं आजी सांगायची. लोकांनी त्याचं ऐकलं. धर्म बदलला, घरं नाही बदलली. अजूनही घर आईचं असतं, नवरा बायकोकडे येतो."

काका हसले. "मग तुम्ही कसले मुसलमान?"

दोन वाक्यांत त्यांनी तिला दोन्हीकडून हाकललं. आमच्या घराण्यानं तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून घरात मराठी जपल्याचा तोरा मिरवणारा हा माणूस! आणि मी? मी रस्सम-भात चिवडत बसले.

जेवून तृप्त झालं की आमच्याकडे पान स्वतःकडे दुमडतात. पलीकडे दुमडलं, तर तो यजमानाचा अपमान. सैनबानं पान नीट स्वतःकडे दुमडलं, आईचा निरोप घेतला आणि गेली. पुन्हा कधी आली नाही.

ती पाहुणी होती. मी घरातली होते. माझं पान तरी मी त्या दिवशी पलीकडे दुमडायला हवं होतं.