अकरा वाजून दहा मिनिटांचे फोटो

माझ्या भावोजींचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. सोनारापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांचे काटे त्यांच्या टेबलावर यायचे. काटा केसभर हलला तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, आणि घरीही तोच खाक्या. ताईने एवढी वर्षं या माणसाबरोबर कशी काढली, हे मला कोडंच होतं. माझं त्यांच्याशी कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

त्यांना नाद एकच. गच्चीवर दुर्बीण लावून दूरदूरच्या दीर्घिकांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकासमूहांचे, फोटो काढायचे. दीर्घिका इतकी अंधूक की एका फोटोत काही म्हणता काही येत नाही. दुर्बिणीला डिजिटल कॅमेरा जोडून पाच-पाच मिनिटांचे शेकडो फोटो घ्यायचे आणि संगणकावर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे ती उमटते. त्या पाच मिनिटांत गच्ची जराशी हादरली तरी प्रत्येक ताऱ्याला शेपूट फुटतं आणि फोटो वाया जातो.

आणि ताई रोज अकराच्या सुमाराला चहा घेऊन लोखंडी जिन्याने वर जायची.

"अगं, हळू! सगळं हलतंय!" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. शेवटी ती चपला खाली काढून, ऐन थंडीत अनवाणी चढायला लागली. तिचा उजवा गुडघा कामातून गेलेला. वरच्या पायरीवर कॅमेरा थांबेपर्यंत गुपचूप उभी राहायची आणि हातातला चहा निवत जायचा.

"तुला कुणी सांगितलंय हे? झोप ना गप," मी एकदा चिडून म्हणालो.

"अरे, एकटेच बसतात रे ते वर," एवढंच म्हणाली.

या हिवाळ्यात ताई गेली. तापाचं निमित्त झालं, नऊ दिवसांत सगळं संपलं. अनवाणी चढण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला ते पटलं नाही. भावोजी रडले नाहीत, आणि महिनाभरात पुन्हा गच्चीवर जायला लागले. मग मात्र माझं डोकं फिरलं. एका संध्याकाळी सरळ जाऊन धडकलो. या माणसाला माझ्या बहिणीची काही किंमत होती की नाही, एवढंच मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

ते संगणकापुढे बसले होते.

"ताईला जाऊन दोन महिने नाही झाले, आणि तुम्ही तारे कसले मोजताय?"

त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर 'टाकाऊ' नावाचं फोल्डर होतं. त्यातला एक फोटो त्यांनी उघडला. प्रत्येक ताऱ्याला शेपूट. खाली वेळ होती अकरा वाजून दहा मिनिटं. दुसरा उघडला, अकरा वाजून बारा. तिसरा, पुन्हा अकरा दहा.

"ही तुझी ताई," ते म्हणाले. "जिना चढताना."

असे एकवीस होते.

"आणि आधीच्या वर्षांचे?"

"पुसले. बारा वर्षं पुसत आलो, उगाच जागा अडते म्हणून. या वेळी ती आजारी पडली, पुसायचं राहून गेलं."

मग त्यांनी ती गेल्यानंतरचे फोटो उघडले आणि भराभर पुढे नेले. सगळे तारे टाचणीच्या डोक्यासारखे गोल.

"बघ, एकही खराब नाही," ते म्हणाले, आणि टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले. मी भांडायला गेलेला माणूस, त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. मलाही आवरेना.

त्या रात्री मी तिथेच राहिलो. जेवण झाल्यावर ते वर गेले. अकरा वाजता मी चहा टाकला, पायात बूट चढवले आणि कप घेऊन जिना चढलो, मुद्दाम दणदण पाय आपटत. कॅमेरा चालू होता. भावोजींनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, आणि कप घ्यायला हात पुढे केला.