डेरेकसाहेबांच्या संघात मी

आईची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. नको, आईची नको, ती वाचते. एखाददुसरा शब्द इकडचा तिकडे झालाय असं धरून चाला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बहरीनला, सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये मी ड्राफ्ट्समन होतो. आमचे मॅनेजर डेरेकसाहेब इंग्लंडचे. तरुणपणी रग्बी लीग खेळलेले. डावीकडे वळलेलं नाक त्याच काळातलं. शुक्रवारी ते आमच्या कंपनीच्या संघाला शिकवायचे. कुठल्याशा छोट्या देशाने त्यांना राष्ट्रीय संघाचा कोच नेमायचं मनावर घेतलं होतं. तिथले दोन पाहुणे त्यांचं काम बघायला यायचे होते आणि नेमका आमचा एक खेळाडू आजारी पडला.

मला मात्र रजा हवी होती. देवरुखला लग्न होतं, तेही माझंच! आणि साहेब रजेचं नाव काढू देत नव्हते.

त्यांनी विचारलं, कधी काही खेळलायस? मी म्हटलं, कबड्डी. अख्खा रत्नागिरी जिल्हा मला टरकून असतो. मग कबड्डी म्हणजे काय ते सांगितलं. साहेबांचे डोळे चमकले.

"माणसं धरून पाडता? मग खेळ. रजा मंजूर."

नियम ऐकून माझं डोकं गरगरलं. पळायचं पुढे, पण चेंडू हाताने द्यायचा मागेच. कुणी पाडलं तर उठायचं आणि चेंडू पायाने मागे सरकवायचा. सगळंच मागे, मग पुढे जायचं कोणी? आमचे स्टोअरकीपर, चिपळूणचे इक्बालभाई, संघात जुने होते. त्यांना विचारलं.

"तू डोकं चालवू नको रे बाबा. चेंडू आला की यल्ला, पळ."

बुदैयाच्या रस्त्याकडेच्या मैदानात सामना सुरू झाला. चेंडू हातात आल्या आल्या मला एकाने आडवं केलं. मी शिस्तीत उठलो आणि रेषेबाहेर जाऊन बसलो. बाद झालो ना? साहेबांनी हाताने आत बोलावलं. मला वाटलं, आपल्याकडच्या कुणी गडी मारला, मी पुन्हा जिवंत झालो.

शेवटी शेवटी बरोबरी होती आणि चेंडू माझ्या हातात आला. समोर मोकळं मैदान, फक्त एक गडी. मी गेलो, त्याच्या खांद्याला हात लावला, आणि वळून जीव खाऊन आपल्या हद्दीकडे सुटलो. आमचीच माणसं आडवी आली, त्यांनाही चुकवलं.

"अरे खुळ्या, उलटा फिर! तिकडं आपलंच घर हाय!" इक्बालभाई मागे धावत ओरडत होते.

मी आपल्याच रेषेमागे चेंडू टेकवला आणि दोन्ही हात वर केले. टाळी एकही नाही. चेंडू समोरच्या संघाकडे गेला आणि थोड्याच वेळात आम्ही हरलो.

साहेब पाहुण्यांशेजारी उभे, तोंड लालबुंद, पण शब्द नाही. रजा गेली, लग्न गेलं, असं मी धरूनच चाललो होतो. तेवढ्यात एक पाहुणा म्हणाला, "आमची पोरं खूप चुका करतात. हे बघूनही जो गप्प राहतो, तोच कोच आम्हाला पाहिजे."

साहेब राष्ट्रीय संघाचे कोच झाले. जाताना मला रजाही दिली, मागितली होती त्याच्या दुप्पट. म्हणाले, पुढचा सामना होईपर्यंत परत येऊ नकोस.

आता खोटं काय, तेही सांगतो. सामना खरा, साहेब खरे, लग्न तर अजून चालू आहे. कबड्डी तेवढी थाप. साहेबांना मारलेली तीच तुम्हालाही मारली. मी जन्मात कबड्डी खेळलेलो नाही. बाहेर जाऊन बसलो तो भीतीने. आणि त्या धिप्पाड गड्याच्या खांद्याला हात लावल्याचं म्हणाल, तर त्याने लांबून माझ्याकडे नुसतं बघितलं होतं.