मंत्रीणबाईंच्या भाषणातली थप्पड

ती नॉर्वेहून ग्वाल्हेरच्या आमच्या शाळेत वर्षभर इंग्रजी शिकवायला आली तेव्हा पंचवीस-सव्वीसची असेल. मी गणित शिकवायचे. तिची राहायची सोय आमच्याच घरी, वरच्या खोलीत केली होती. मला ताई म्हणायची, पोळीवर साखर पसरून खायची. तेव्हा मला ती आवडायची. आता अजिबात आवडत नाही.

परत गेल्यावर ती तिकडे मुख्याध्यापिका झाली, मग निवडणुकीला उभी राहिली आणि गेल्या वर्षी मंत्री झाली. तिचं एक भाषण नातीनं फोनवर लावलं. खाली इंग्रजीत ओळी येत होत्या.

"आजी, ये तो तूच आहेस ना?"

मीच होते. ग्वाल्हेरच्या एका बाईंनी वर्गात मुलीला थप्पड मारली, ते पाहून आपण राजकारणात जायचं ठरवलं, असं ती सांगत होती. लोक टाळ्या वाजवत होते.

थप्पड मी मारली होती, नाकारत नाही. सातवीतल्या त्या मुलीनं तिसऱ्यांदा वही आणली नव्हती. पण त्याच संध्याकाळी मी पडाव मोहल्ल्यात त्या मुलीच्या घरी गेले, तेव्हा ही नॉर्वेवालीसुद्धा माझ्याबरोबर होती. मुलीची आई म्हणाली, "मैडम, कॉपी भीग गई थी, डर के मारे बोली नहीं." मी त्या मुलीची हात जोडून माफी मागितली. त्यानंतर कुठल्याच मुलीवर हात उचलला नाही. हे सगळं हिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

या हिवाळ्यात ती दिल्लीला आली आणि तिचा फोन आला. "ताई, भेटायला याल?"

मी विचारलं, "पडावची संध्याकाळ भाषणात का नाही?"

ती म्हणाली, "भाषणाला वेळ कमी असतो, ताई."

"मग थप्पड गाळायची होतीस."

मी फोन ठेवला. नात वैतागली, "यार आजी, मिनिस्टर है वो!" असेना का. काम चांगलं करते म्हणतात, करत असेल. माझी एक चूक उचलून ती तिथवर चढली, आणि तिला त्याची लाजसुद्धा वाटत नाही. मी दिल्लीला गेले नाही. नंतर तिचं कार्ड आलं, त्यालाही उत्तर दिलं नाही.