पालथी गोधडी

नालवाडीची मामी माणूस भेटला की आधी त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. त्याच्या बाहीचं कापड दोन बोटांच्या चिमटीत धरायची, जरासं चोळायची आणि मग वर बघून म्हणायची, "ये गा. बरा हायेस ना?" माझ्या लग्नात तिनं माझ्या सासऱ्यांचं धोतर असंच चिमटीत धरलं होतं. सासरे जे मागे सरकले ते आहेर घ्यायलाही पुढे आले नाहीत. "कापड चांगलं हाये," मामीनं जाहीर केलं, "माणूस भेकड दिसते." सासऱ्यांबद्दल इतकं नेमकं मत पुढे मलाही कधी मांडता आलं नाही.

सेवाग्रामकडच्या एका दवाखान्यात ती चादरी आणि रोग्यांचे गाऊन शिवायला होती. फाटलेलं सांधायचं, विरलेलं दुमडून दुहेरी करायचं. कुठल्या चादरीवर माणूस किती तळमळला, हे आपल्याला कापडावरून कळतं, असं ती म्हणायची. "कापड आंग झाकते, पण आंगाले इसरत नाई." हे वाक्य मी अनेक लग्नांत माझं म्हणून खपवलं आहे. टाळ्या मिळतात.

आमच्या घराण्यातली एकूण एक पोरं तिच्या गोधडीत वाढली. जुनं लुगडं, त्याखाली आणखी जुनं लुगडं, आणि सगळ्या थरांतून आरपार जाणारा धावदोरा. मामा गेले, नोकरी संपली आणि त्यानंतर मामीनं एक गोधडी शिवायला घेतली, ती मात्र कुणा बाळंतिणीसाठी नव्हती. विचारलं तर स्वतःकडे बोट दाखवून म्हणायची, "मायासाठी."

पुढे वर्ध्यात महिलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं. मामीनं गोधडी नेऊन दिली. लांबून पाहिलं तर गव्हाळ, तपकिरी, फुलाफुलांच्या तुकड्यांच्या टेकड्याच टेकड्या. जवळ जाऊन थोडं थांबलं की टेकडीची मांडी व्हायची. एक बाई आणि एक पुरुष, अंगावर काही नाही, उघड्या गच्चीवर. बाई तरुण नव्हती. पोटाला वळ्या, केसांत पांढरे दोरे. तिचा पाय त्याच्या पोटरीवर निवांत टाकलेला. ती त्याच्याकडे बघत होती, आणि कसं बघत होती हे सांगायला मी इथे बसलेला नाही. पुरुषाची फक्त पाठ होती आणि डोक्यावर टक्कल.

मामांना शेवटपर्यंत भरघोस केस होते.

गोधडीची बातमी प्रदर्शनाआधीच गावात पोचली आणि त्या आठवड्यात नालवाडीतल्या बऱ्याच टकल्या मंडळींनी टोप्या घेतल्या.

समितीत मी होतो. कलेतलं मला काही कळतं म्हणून नव्हे. माइक हातात आला की मी तो सोडत नाही, तेव्हा यालाच सूत्रसंचालन द्या, असं ठरलं होतं. अध्यक्षबाईंनी मला बाजूला घेतलं. "तुमच्या मामी आहेत, तुम्हीच समजवा. खाली 'दिवंगत पतीच्या स्मृतीस' अशी चिठ्ठी लावू. मग कुणी काही म्हणणार नाही." मला तोडगा फारच आवडला. टकलाचं काय, हा प्रश्न मी सोयीनं गिळला.

मामी अंगणात मेथी निवडत होती. मी चिठ्ठीचं सांगितलं.

"त्यायले मधात आणू नको," ती म्हणाली. "चांगले होते ते. पण आधी दिवा मालवत, मंग मायाजवळ येत. जलमभर. काय दिसलं असन त्यायले?"

"मग हा कोण, मामी?"

"मनातला."

"मनातला म्हणजे कोण?"

"मनातल्याले आधार कार्ड लागते का गा?"

मी खाकरलो. या वयात हे शोभतं का, असं लोक विचारतील, म्हणालो. 'लोक' म्हणजे मीच होतो.

"कोणत्या वयात शोभते ते सांग. तवाच केलं असतं. तवा तं मी दुसऱ्याच्या चादरी शिवून राह्यली होती." मेथीची काडी तिनं कचकन मोडली. "चिठ्ठी लावसान तं मायंच नाव लावा. नाई तं गोधडी परत आन."

मी हात हलवत परतलो. समितीत पुन्हा खल झाला. गोधडी परत केली तर बायका चिडतील, टांगली तर पुरुष. शेवटी मलाच सुचलं, आणि सुचल्यावर मी स्वतःच्या बुद्धीवर खूश होऊन चहा मागवला. गोधडी पालथी टांगायची. तुकड्यांची बाजू भिंतीकडे, मागचं पांढरं कापड बाहेर. नाव मामीचं, इभ्रत सगळ्यांची.

मामीला फोन केला. ती भांडेल म्हणून मी उत्तरं पाठ करून बसलो होतो. "लावा ना पालथी," ती म्हणाली. "माई काई हरकत नाई."

एवढ्या सहज ती कधी कशाला हो म्हणाली नव्हती. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

टांगायचं काम शिपायावर टाकून आम्ही मोकळे झालो होतो, मागची बाजू कुणी बघितलीच नव्हती. उद्घाटनाच्या सकाळी अध्यक्षबाईंनी पडदा बाजूला ओढला आणि मी माइकवर "बघा, काय ही शुभ्रता" असं म्हणून चुकलो. पांढऱ्या कापडावर लाल धावदोरा. समोरच्या बाजूला निदान टेकड्या समजायला फुलांची सोय होती. इथं काहीच सोय नव्हती. ती मांडी, ती पोटरी, ते पोट, ते बघणं, सगळं रेघेरेघेनं उघडं. जन्मभर गोधडीत झोपलेल्या माणसाला टाका आरपार जातो हे आठवू नये, म्हणजे काय म्हणायचं.

पुरुष मंडळी छताचे पंखे न्याहाळू लागली. तेवढ्यात सिंदीहून भाजी विकायला आलेली एक बाई, रिकामी टोपली काखेत, पुढे झाली. तिनं शिवलेल्या पोटाच्या वळीवर बोट ठेवलं.

"माय व," ती हळूच म्हणाली, "हे तं मायं पोट हाये."

मागून दुसरी आली. मग तिसरीनं शेजारणीला ओढून आणलं. कुणीतरी हसलं, कुणी पदर तोंडाला लावला, पण जागची हलली कुणीच नाही.

अध्यक्षबाई माझ्या कानाशी आल्या. "सुलटी करा हो. पटकन."

मामी मागेच उभी होती. "आता नाई," ती म्हणाली. "तुमीच सांगतलं होतं पालथी."

प्रदर्शन संपेपर्यंत गोधडी तशीच राहिली. खाली फक्त मामीचं नाव होतं. तिनं रोज इस्त्रीचं पातळ नेसून शेजारी खुर्ची टाकली आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या बाहीचं कापड चिमटीत धरलं.

मामी मागच्या हिवाळ्यात गेली. जायच्या आधी गोधडी तिनं दिली ती मला नव्हे, माझ्या बायकोला. "भितीवर टांगजो नको व पोरी. पांघरजो." माझ्या भावानं फोन करून सांगितलं, तुझ्या पोरीचं लग्न ठरायचंय, ती वस्तू पेटीत तळाशी घाल. त्याला मी पहिल्यांदाच नाही म्हणालो. माइक नसताना.

थंडी पडली तशी बायकोनं ती पलंगावर पसरली. मी नेहमीसारखा दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"राहू द्या," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला.